कप्तानानं धरलेली छत्री

"काय गं मोनिका, पल्याड सगळे बरे आहेत ना?"

"हो पाद्रीबाबा, देवाच्या कृपेनं सगळे ठणठणीत."

"कुणाला ताप? खोकला?"

"नाही हो."

"निदान पोटात दुखतंय असं तरी?"

मोनिका गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मिस्सेची प्रार्थना संपली होती. खाडीपलीकडच्या पालवे गावाहून आलेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन परत निघाल्या होत्या, आणि आमचे पाद्री गाश्पार इगर्जीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दारात उभे राहून जिला-तिला हेच विचारत होते. सगळे धडधाकट आहेत म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

"पाद्रीबाबा," मी हळूच म्हटलं, "लोक बरे आहेत याचं तुम्हाला वाईट वाटतं, असं दिसेल हं."

"दिसू दे, मेस्त. खोटं नाही ते."

मी तेव्हा तिशीचा होतो. सोनखारच्या इगर्जीच्या शाळेत मुलांना अक्षरं आणि मिस्सेची गाणी शिकवायचो, म्हणून सगळं गाव मला मेस्त म्हणायचं. दुमिंग हे माझं खरं नाव फक्त आईच्या तोंडी उरलं होतं. पाद्रीबाबा माझ्या दुप्पट वयाचे, बुटके, गोल पोटाचे. बापाचा पानमळा होता. गोव्याला जाऊन चार भाषा शिकून आले तरी केळीला पाणी कधी सोडायचं यावर तासभर बोलत. पण गेले काही दिवस ते पोट जरा आत गेलं होतं, आणि त्याला कारण होतं.

ते कारण इगर्जीच्या मागच्या खोलीत बसून माझ्या शाळेतल्या मुलांना दोरीच्या गाठी शिकवत होतं. त्याचं नाव इनास.

इनास आमच्या खाडीचा नावाडी. एका सकाळी किल्ल्याचा कप्तान दों लोरेन्सु पालखी, भोई, छत्रीवाला असा सगळा लवाजमा घेऊन धक्क्यावर आला आणि होडी मागवली. त्याच वेळी आमच्या गावच्या मनवेलची बायको कळा देत धक्क्यावर पोचली. तिची सुईण पल्याड. इनासनं बाईला होडीत घेतलं आणि कप्तानाला म्हणाला, "साहेब, तुम्ही थांबू शकता. हिच्या पोटातलं थांबणार नाही." पोर खाडीच्या मध्यावरच जन्मलं. आई आणि बाळाला पोचवून इनास परत येईपर्यंत पाणी ओसरलं, आणि राजाचा कप्तान पुढची भरती येईस्तोवर चिखलाकडे बघत बसला. लोक हसले. हसले नसते तर कदाचित सगळं तिथंच संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: नावाडी इनास, राजाच्या माणसाचा अपमान, सजा पाच वर्षं गलबतावर. म्हणजे राजाच्या लढाऊ गलबतावर साखळीनं बांधून वल्ही मारायची. त्या बाकावरून पाच वर्षांनी उठून घरी आलेला माणूस आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. शिपाई दारात यायच्या आधीच इनास मागच्या कुंपणावरून उडी टाकून इगर्जीत शिरला आणि वेदीची पायरी धरून बसला.

इगर्जीत शिरलेल्या माणसाला राजाचे शिपाई धरू शकत नाहीत, हा जुना कायदा. कप्तानालाही तो मान्य होता. पण इगर्जीच्या भिंतीबाहेर पाऊल टाकलं की माणूस राजाचा, हेही तितकंच खरं. म्हणून कप्तानानं इगर्जीच्या फाटकासमोर चिंचेखाली आपली मखमली खुर्ची मांडली. रोज सकाळी तो तिथं येऊन बसायचा. मागं छत्रीवाला, बाजूला भालेवाले शिपाई. आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हायची. अन्नाचा घास आत जाऊ द्यायचा नाही. फक्त पाद्रीबाबांचं स्वतःचं ताट जायचं, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त इनासच्या पोटात जायचं.

"पाद्री!" त्या सकाळीही कप्तान खुर्चीतूनच ओरडला. तो आमची भाषा कामापुरती बोलायचा आणि लहानथोर सगळ्यांना एकाच मापानं 'तू' म्हणायचा. "तू बारीक झालास!"

"उपास चांगला असतो, साहेब," पाद्रीबाबा फाटकापाशी जाऊन म्हणाले. "तुम्हीही करून बघा."

"तो माणूस मला दे. मग तू जेव, मी घरी जातो."

"तो माझा नाही, कसा देऊ? तो ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे मागा."

"ही जमीन राजाची आहे!"

"भिंतीच्या बाहेरची."

"भिंत राजाच्या पैशानं बांधली!"

"हो ना. आणि बांधून देवाला दिली. दिलेली वस्तू राजा परत मागत नाही, साहेब. निदान आपला राजा तरी."

शिपायांपैकी एकानं मिशीत हसू दाबलं. कप्तानाचं तोंड लाल झालं. तो खुर्चीतून उठला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी गोव्याला कळवलं आहे. पुढच्या जहाजानं नवा पाद्री येतो. माझ्या माहितीतला. तो आला की तू जाशील, आणि तो मला हा माणूस स्वतःच्या हातानं बाहेर आणून देईल. मग बोल."

पाद्रीबाबा ताठ मानेनं फाटकापासून वळले. आत आल्यावर मात्र बाकावर टेकले.

इनासनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. "पाद्रीबाबा, मी जातो बाहेर," तो म्हणाला. "माझ्यापायी तुमची इगर्ज नको जायला."

"तू मुलांना गाठी शिकव."

"पण मी काय म्हणतो..."

"इनास, पोटात बाळ घेऊन बाई उभी होती तेव्हा तू कप्तानाला विचारलंस का, की आधी कोण? मग आता मला कशाला विचारतोस? बस खाली." एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. "मेस्त, मुलांना ती लांब आळवणी येते का? सगळ्या संतांची?"

"अर्धी येते."

"पूर्ण बसवून घे. आणि चालता चालता म्हणायची सवय कर. अंगणातल्या मांडवात गोल फिरव त्यांना."

"कशासाठी?"

"मुलांना व्यायाम," ते म्हणाले, आणि केळी बघायला निघून गेले.

मी शिकवणारा माणूस. कुणी उत्तर लपवतंय हे मला चेहऱ्यावरून कळतं. पण पाद्रीबाबांचा चेहरा त्या दिवसांत पाटी पुसल्यासारखा कोरा असायचा. मुलं मांडवात गोल फिरत आळवणी घोकत राहिली. बाहेर कप्तान त्या रटाळ सुरांनी जांभया द्यायचा. आणि पाद्रीबाबा येईल त्याला विचारत राहिले, पालव्यात कुणी आजारी आहे का. पालवेकर त्या वर्षी इतके निरोगी होते, की वैतागच.

नव्या पाद्र्याचं जहाज किनाऱ्याला लागायला थोडेच दिवस उरले असतील. सकाळची शाळा भरली होती. मोनिका धापा टाकत आत आली.

"पाद्रीबाबा, चला! आमची म्हातारी रेजीनबाय अत्यवस्थ आहे. रात्रभर छाती भरून आली. शेवटचा परमप्रसाद मागते आहे."

"खरंच?" पाद्रीबाबा ताडकन उठले. चेहरा असा उजळला, की मोनिका एक पाऊल मागं सरली. मग त्यांनाच ते कळलं असावं. त्यांनी घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुटपुटले, "देवा, माफ कर. तिला बरं कर. पण मी पोचल्यावर."

पालवे आमच्याच पाद्र्यांच्या देखरेखीखालचं गाव, पण ते राजानं फार पूर्वी मठाला इनाम दिलेलं. तिथं मठाचा अंमल, कप्तानाचे शिपाई पाय ठेवत नसत. हे मला ठाऊक होतं, पण त्या घाईत डोक्यात आलं नाही. मी मुलांना रांगेत उभं करत होतो.

आजाऱ्याकडे परमप्रसाद न्यायची आमच्याकडची रीत मोठी थाटाची. सगळ्यांत पुढं घंटा वाजवणारा, मग कंदीलवाला, मग गाणारी मुलं, आणि शेवटी छातीशी चांदीची डबी धरलेले पाद्री. त्यांच्या डोक्यावर जरीची लाल छत्री. डबीत प्रत्यक्ष देव आहे असं आम्ही मानतो, म्हणून वाटेत पाद्री कुणाशी चकार शब्द बोलत नाहीत.

पाद्रीबाबांनी वेदीसमोर गुडघे टेकले, डबीत परमप्रसादाची एकच ऑस्त, ती पातळ पांढरी चकती, ठेवली, आणि बाहेर पडण्याआधी अखेरचं बोलून घेतलं.

"इनास, घंटा तू घे."

"मी?" इनासच्या हातातली दोरी गळून पडली. "बाहेर?"

"होडी कोण वल्हवणार, मी? घंटा घे आणि पुढं चाल. मागं बघू नकोस. मोनिका, कंदील तुझ्याकडे. मेस्त, छत्री तू धर. पण ती कुणी धरायची असते, ते ठाऊक आहे ना?"

"हो. जमलेल्यांत जो मानानं सगळ्यांत मोठा, त्यानं."

"छान. तेवढं विसरू नकोस," असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

घंटा वाजली. इनासनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आम्ही फाटकातून बाहेर पडलो.

कप्तान नुकताच खुर्चीत स्थिरावला होता. इनासला उन्हात उभा बघून तो इतका हरखला, की टाळीच वाजवली. "धरा!"

शिपाई दोन पावलं पुढं आले आणि थबकले. घंटेमागं कंदील, कंदिलामागं मुलं, आणि मागं लाल छत्री. त्यांच्या नाईकानं आधी डबीकडे पाहिलं, मग कप्तानाकडे, मग पुन्हा डबीकडे. राजाचाच हुकूम होता: परमप्रसाद वाटेत भेटला की शिपायानं शस्त्र खाली ठेवून गुडघे टेकायचे, आणि त्याच्यासोबत चालणाऱ्या कुणालाही हात लावायचा नाही. नाईकानं भाला धुळीत ठेवला आणि गुडघे टेकले. मग बाकीचे सगळे. छत्रीवाल्यानंही छत्री मिटली आणि तो खाली बसला.

उभा राहिला फक्त कप्तान. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. त्याला सगळं कळलं होतं. गुडघे टेकले नाहीत, तर गोव्यात धर्माच्या न्यायासनापुढं उभं राहावं लागणार, आणि तिथं कप्तानपण कुणी विचारत नाही. तो हळूहळू खाली वाकला. मखमली विजार धुळीला लागली.

मिरवणूक थांबली. पाद्रीबाबा पुढं जाईनात. बोलता तर येत नव्हतं. ते नुसते माझ्याकडे बघत होते. मी वर्गात मुलाकडे बघतो ना, उत्तर त्याला येतं आहे हे ठाऊक असताना, अगदी तसं.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नुसते गुडघे टेकून भागणार नव्हतं. आम्ही पुढं गेलो की कप्तान उठणार, शिपायांना घेऊन मागोमाग धक्क्यावर येणार, आणि इनासच्या हातातली घंटा खाली होताच त्याला धरणार. ते टाळायचं, तर कप्तानाला मिरवणुकीबाहेर ठेवून चालणार नव्हतं; मिरवणुकीत हातात छत्री घेऊन तो कुणाला हुकूम सोडू शकणार नव्हता.

शाळा, आई, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या माणसाच्या एका शब्दावर होतं. तरी मी दोन पावलं टाकली, वाकलो, आणि छत्रीची मूठ कप्तानापुढं केली.

"साहेब, इथं तुमच्याहून मोठं कुणी नाही. हा मान तुमचा."

फाटकाबाहेर निम्मं गाव जमलं होतं. कप्तानानं माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं तर मान आखडते. नाही म्हणावं, तर आपण मोठे नाही असं गावासमोर कबूल केल्यासारखं. आणि तसं कबूल करणारा माणूस तो नव्हे.

त्यानं तलवार काढून नाईकाकडे दिली आणि छत्री धरली.

आळवणी सुरू झाली. मुलं बिचारी इतके दिवस घोकून तयार होती. एकेका संताचं नाव घेत, त्याला आमच्यासाठी विनवत, आम्ही बाजारातून निघालो. पुढं घंटा वाजवत इनास, आणि मागं त्याला गलबतावर पाठवणारा कप्तान, दोन्ही हातांनी छत्री सांभाळत. त्यानं आयुष्यात कधी छत्री धरलेली नसावी. ती वाऱ्यानं कलायची, मग तो घाबरून सावरायचा. सावलीत पाद्रीबाबा, आणि उन्हात कप्तान. बाया रस्त्यावर गुडघे टेकत होत्या. एका म्हातारीनं त्याच्या अंगरख्याचं टोक डोळ्यांना लावलं. तेव्हा तो दचकला, आणि पुढं जरा ताठ चालायला लागला.

धक्क्यावर मुलं थांबली. होडीत आम्ही पाचच: वल्ह्यावर इनास, मोनिका, मी, पाद्रीबाबा आणि छत्री धरून उभा कप्तान. खाडीत होडी हलली, की तो डाव्या हातानं माझा खांदा पकडायचा. एरवी पलीकडे जायला दोघं जण वल्ही मारतात, पण त्या दिवशी इनासमध्ये चौघांचं बळ आलं होतं.

रेजीनबाय खरंच आजारी होती, ही देवाची कृपा. खाटेवर उशांना टेकून धापत होती. पाद्रीबाबांनी तिला परमप्रसाद दिला, पवित्र तेल लावलं, प्रार्थना म्हटली. म्हातारीनं डोळे मिटले आणि आम्हाला वाटलं, गेली. मग तिनं एक डोळा उघडला.

"हा कोण छत्रीवाला?" ती मोनिकेला म्हणाली. "नवा दिसतो. फार चांगली धरतो हो."

"आजी, ते किल्ल्याचे कप्तान!"

"माझ्यासाठी?" म्हातारी उठून बसली. "माझ्यासाठी कप्तान उन्हातून चालत आला? अगं, त्याला शहाळं दे. तोंड बघ किती लाल झालंय लेकराचं!" आणि तिनं कप्तानाला खूण करून जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, तिथल्या खोट्या केसांवरून फिरवला, आणि तोंडभर आशीर्वाद दिला. कप्तान अवघडून उभा राहिला. मग त्यानं शहाळं प्यायलं. मग दुसरंही.

बाहेर आल्यावर पाद्रीबाबांनी कंदील विझवला. डबी रिकामी होती. त्यांनी कप्तानाच्या हातातून छत्री अलगद घेतली आणि मिटून मला दिली.

"हे काय?" कप्तान म्हणाला.

"झालं, साहेब. डबीत आणखी ऑस्ती असत्या, तर परतही तसंच वाजतगाजत जावं लागलं असतं, घंटेवाल्यासकट. मी एकच आणली. आता मिरवणूक नाही. आता आपण नुसती माणसं."

तेव्हा कुठं मला सगळं कळलं. कप्तानालाही कळलं. तो खाडीकडे वळला. मग होडीत जाऊन बसला आणि अगदी सहज म्हणाला, "चल रे नावाड्या. सोड मला."

आणि काय सांगू, इनास निघाला! उतारू होडीत बसला, की नावाड्याचे पाय आपोआप चालतात. त्याचा एक पाय पाण्यात पडलासुद्धा. पाद्रीबाबांनी मागून त्याची बंडी अशी खेचली, की ती टर्रकन फाटली.

"मूर्खा! मठाच्या जमिनीवर आहेस, तिथंच राहा!"

"पण साहेबांना सोडायचं..."

"साहेबांना आम्ही सोडतो. होडी उद्या परत पाठवतो तुझी."

सकाळी मोनिकेला पोचवून गावातले पुरुष समुद्रावर गेले होते, ते संध्याकाळशिवाय येणार नव्हते. कप्तान तोवर थांबायला तयार नव्हता. मग एक वल्हं मी घेतलं आणि दुसरं पाद्रीबाबांनी, झगा वर खोचून. पाणी उलटं वाहत होतं. होडी दोनदा जागच्या जागी फिरली. पाद्रीबाबांचा श्वास फुलला; इतक्या दिवसांच्या अर्ध्या ताटानं अंगात जीव कुठं उरला होता? प्रत्येक ओढीला त्यांची नजर पालव्याच्या काठावर जात होती, इनास अजून तिथंच आहे ना ते बघायला. मला वाटत होतं, हा माणूस सकाळपासून एकदाही घाबरला नाही. आता दिसलं, की तो सबंध वेळ घाबरलेलाच होता.

कप्तान सरकत पाद्रीबाबांपाशी आला.

"सर बाजूला," तो म्हणाला.

"राहू द्या, साहेब, जमेल मला."

"तुला जमत नाही. सर."

त्यानं अंगरखा काढला, बाह्या सारल्या आणि वल्हं घेतलं. होडी पुढं निघाली. बरीच वाट कापल्यावर तो बोलला.

"तो नवा पाद्री येणार आहे ना, त्याला वल्हवता येतं?"

"वाटत नाही, साहेब. शहरातला आहे."

"मग इथं काय कामाचा?" कप्तान गुरगुरला. "मी कळवतो गोव्याला."

पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर दोघं मोठ्यानं हसलो असतो.

खाडीच्या मध्यावर प्रवाह जोराचा लागला. कप्तानानं वल्हं वर उचललं, तळहात उलटे करून पाहिले, त्यांवर फुंकर घातली आणि पुन्हा वल्हं पाण्यात टाकलं.

"पाद्री."

"बोला, साहेब."

"त्या नावाड्याला मी किती वर्षं दिली होती?"

"पाच."

कप्तान ओढत राहिला. किनारा अजून लांबच होता.

"जरा फार होतात," तो म्हणाला.

"हो, साहेब," पाद्रीबाबा पुढं बघत म्हणाले. "थोडं डाव्या अंगाला घ्या. इकडं उथळ आहे."